वरच्या घराचा ठोका

शनिवार, ११ ऑक्टोबर

पोहोचलो एकदाचा. लीड्सहून ट्रेन, मग बस, आणि शेवटचे सहा मैल एल्डरसन नावाच्या मेंढपाळाच्या लँड रोव्हरमधून, त्याच्या ओल्या कुत्र्याला मांडीवर घेऊन. माणूस साठीचा, मला 'लॅड' म्हणतो, म्हणजे पोरा. मी एकोणपन्नासचा आहे असं सांगितल्यावर म्हणाला, इथं सत्तरीच्या आतली सगळी पोरंच.

हॅगथ्वेट म्हणजे एका चढत्या गल्लीतली सहा दगडी घरं. माझं सगळ्यात वरचं. त्याच्यावर फक्त माळ आणि मेंढ्या. खालच्या पाच घरांत म्हातारी माणसं राहतात. त्यांची कुलपं, बॉयलर, पन्हळी बघायच्या, बर्फ पडला की वाट मोकळी करायची, हे माझं काम. नोकरीबरोबर हे घर.

अनुराधाला लँडलाइनवरून फोन केला, इथं मोबाइल लागत नाही. चार वर्षं ती केअर होममध्ये कामाला, तिथंच राहते, आणि मी कामाच्या हॉटेलच्या माडीवर. रविवारी दुपारी बागेच्या बाकावर बसून डबा खायचा, एवढाच आमचा संसार. तिनं आधी विचारलं, स्वयंपाकघराला खिडकी आहे का. आहे म्हटलं, पूर्वेला. तिच्या नोकरीची नोटीस संपली की १ नोव्हेंबरला येईल. कायमची.

देव पूर्वेच्या कोनाड्यात मांडले.

सोमवार, १३ ऑक्टोबर

मिसेस मेटकाफ सगळ्यात खालच्या घरात राहतात. वय ब्याऐंशी, आवाज हेडबाईंचा. त्यांनी मला इथली रीत समजावली. प्रत्येक दाराशी, पोर्चमध्ये, एक पोकळ ओंडका टांगलेला आहे. हातभर लांब, पोटाला उभी चीर, शेजारी लाकडी दांडका. त्यांचे वडील इंजिनिअर होते आणि बरीच वर्षं जावा बेटावर एका खेड्यात राहिले होते. तिथं घरोघरी असा ओंडका असतो, आणि गाव स्वतःची राखण त्याच्यावर करतं. परत आल्यावर त्यांनी इथंही तेच सुरू केलं. पोलीस इथून तासाभराच्या अंतरावर, आणि चोर येतात ते मेंढ्या आणि छपराचं शिसं न्यायला.

ठोके तीन प्रकारचे. संथ सुरू होऊन जलद होत जाणारा म्हणजे सगळं ठीक. दोन-दोन म्हणजे धावून या. एकेक, लांब अंतरानं, म्हणजे घरात मयत.

रोज संध्याकाळी सहाला त्या पहिला ठोका देतात आणि तो घराघरातून वर येतो. शेवटचा माझा. ज्या घराचा ठोका आला नाही, तिथं सगळ्यांनी जायचं. मी विचारलं, माझ्यानंतर? तुमच्यानंतर कुणी नाही, त्या म्हणाल्या, आणि चहा ओतायला लागल्या.

मला हे फार आवडलं. किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या गावच्या पडक्या घरांवर आम्ही पोरं पहारा द्यायचो. एकमेकांना हाळी घालायची, मग झोप यायची.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

उपवास. सहाचा ठोका आला, मी माझा दिला, दांडका खुंटीला लावला. आत वळतोय तर वरून, माळाकडून, ठोका आला. सगळं ठीक. अगदी आमच्यासारखाच, थोडा मंद.

वर घर नाही. सकाळी मी स्वतः चालून आलो आहे. अंगाला खाज आणणाऱ्या नेटलची रानं, मोडक्या भिंती, एक दगडी उंबरा.

आई सांगायची, तिन्हीसांजेला कुणी हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. जे माणूस नाही ते एकदा हाक मारतं, दोनदा मारतं, तिसऱ्यांदा त्याला मारता येत नाही. मी थांबलो. दुसऱ्यांदा आला. थांबलो. मग तिसऱ्यांदा आला.

म्हणजे माणूसच. कुणी गुराखी असेल, उत्तर मिळेना म्हणून खोळंबला असेल. मी दांडका घेतला आणि त्याला उत्तर दिलं.

रविवार, १९ ऑक्टोबर

तीन दिवस झाले, रोज माझ्यामागून तो ठोका येतो आणि मी उत्तर देतो. खाली कुणाला विचारलं नाही. नवा माणूस, उगाच हसतील. पण आज एल्डरसनबरोबर भिंत रचताना सहज विषय काढला. त्याचा हात थांबला. म्हणाला, "तू उत्तर नाही ना दिलंस, लॅड?"

मी नाही म्हणालो. का खोटं बोललो, कळत नाही.

मग त्यानं सांगितलं. वर एक सातवं घर होतं. नवरा, बायको, दोन मुली. त्रेसष्टच्या हिवाळ्यात बर्फानं वाट आठवडाभर बंद होती. रोज सहाला वरून ठोका यायचा, सगळं ठीक, म्हणून कुणी गेलं नाही. आठव्या दिवशी वाट निघाली तेव्हा एल्डरसनचे वडील वर गेले. चौघंही गोठलेली. डॉक्टर म्हणाले, पहिल्याच रात्री गेली असणार.

मग वाजवत कोण होतं, मी विचारलं. तो म्हणाला, तेच कुणी विचारत नाही. तेव्हापासून शेवटचं घर वरच्याला उत्तर देत नाही.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

दिवाळी झाली. उंबऱ्यावर पाच पणत्या लावल्या, अनुराधानं फोनवर करंजीचं सारण करून घेतलं माझ्याकडून.

त्या रविवारपासून मी वरच्याला उत्तर देत नाही. ठोका मात्र येतो, आणि जवळून. परवा मोडक्या भिंतीपाशी होता. काल मेंढवाड्यापाशी. आज परसातल्या सफरचंदाच्या झाडामागून. कंदील घेऊन गेलो. गवत दबलेलं होतं, कुणी खूप वेळ उभं असावं तसं.

जपाला बसलो. मन लागलं.

रविवार, २६ ऑक्टोबर

आज घड्याळं तासभर मागं गेली. मी घड्याळात पाचला चहा टाकत होतो आणि माझ्याच पोर्चमधून ठोका सुरू झाला. सगळं ठीक. दाराला लागून. मी दार उघडलं. कुणी नाही. ओंडका हलत होता.

आणि खालून पाचही घरांनी उत्तर दिलं. त्यांना वाटलं असणार, नव्या माणसानं घड्याळ लावलं नाही.

सहाला मी माझा दिला. खालून काहीच आलं नाही. माझा ठोका त्यांच्या लेखी होऊन गेला होता.

बुधवार, २९ ऑक्टोबर

तीन दिवस हेच. पाचला तो वाजवतो, ते उत्तर देतात. सोमवारी मी ओंडका काढून आत ठेवला. तरीही पोर्चमधून आवाज आला.

खाली जाऊन मिसेस मेटकाफना सगळं सांगितलं, उत्तर दिल्याचंही. त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, एकटेपणा वाईट असतो, बायको आली की बरं वाटेल. आणि तुमचा ठोका तर किती छान येतो आता.

अनुराधाला फोन केला. छत गळतंय, इतक्यात येऊ नकोस म्हटलं. तिला ते पटलं नाही. म्हणाली, "अहो, चार वर्षं वाट बघितली ती गळक्या छतापायी थांबायला नाही. पण तुम्ही म्हणताय तर राहते." आवाज रडवेला. रडू दे. इथं येऊ नये.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

सकाळी गल्लीत एल्डरसन भेटला. हसत म्हणाला, उद्या साडेचारला बसथांब्यावर जातो, काळजी करू नकोस. कशाला, मी विचारलं. तो बघतच राहिला. म्हणाला, "आत्ता तर तुझ्या स्वयंपाकघरात तू मला चहा दिलास, लॅड. बायकोला आणायला जा म्हणालास."

मी तीन तास वरच्या माळावर होतो. कुंपण बांधत.

धावत घरी. कप दोन. धुतलेले, पालथे.

अनुराधाला फोन लावला. आनंदात होती. तुम्हीच ना सकाळी फोन केलात, छत झालं म्हणून, बॅगा भरून झाल्या — तेवढ्यात लाइन गेली. पुन्हा लागली नाही.

खाली पाच दारं वाजवली. फोन करू द्या म्हणून. दारं उघडली नाहीत. पडदे हलले. आत माणसं होती.

परत आलो तर घराची कडी आतून.

शनिवार, १ नोव्हेंबर

रात्र मेंढवाड्यात काढली. सकाळी बसच्या रस्त्याला लागलो. दोनदा. गल्ली उतरून वळण घेतलं की समोर पुन्हा माझंच घर. तिसऱ्यांदा पाय उचलेना.

खिडकीतून देव दिसतात. त्यांच्यापुढं दिवा लागलेला आहे. वात माझ्यासारखीच वळलेली.

पाच वाजले. आतून ठोका. सगळं ठीक. खालून पाच उत्तरं.

वही जवळ आहे. अनु, तुला मिळाली तर — घरात जाऊ नकोस. जो दार उघडेल तो मी नाही. मी बाहेर आहे, भिंतीपाशी, उजव्या हाताला बघ —

गाडीचे दिवे. खालच्या वळणावर.

मी आत ठेवलेला ओंडका पुन्हा पोर्चमध्ये टांगलेला. त्याच्यावर दोन-दोन. दोन-दोन. दांडका तुटला, मुठीनं मारलं. त्याला आवाजच नाही. माझ्या हाताखाली आवाज नाही —

गाडी थांबली. एल्डरसन बॅगा काढतोय. अनु उतरली, निळा स्वेटर. मी तिच्यापासून चार पावलांवर उभा आहे. तिच्या नावानं ओरडतोय. ती माझ्यातून पलीकडं बघते आहे, दाराकडं. हसते आहे.

कडी निघाली.

तिनं बॅग खाली ठेवली. "अहो," म्हणाली, "किती बारीक झालात —"

तिचा हात धरायला मी —