मामा पाण्यात का उतरले

अण्णा,

त्या रविवारी आपण दोनच तास थांबणार होतो. मे महिना होता. सकाळी ऊन, मध्येच चार थेंब, पुन्हा ऊन. आज आभाळाचा भरवसा नाही, असं तुम्ही निघतानाच मामांना सांगितलं होतं. मामा म्हणजे तुमच्या कारखान्यातले, शेजारच्या लेथवरचे. नात्याचे कुणी नव्हेत, पण माझ्या बारशापासून घरात वावरणारे. स्कूटरवर तुम्ही पुढे, मामा मागे, मधे मी गळाच्या काठ्या सांभाळत. सर्जापूर रोडला तेव्हा नाचणीची शेतं होती आणि त्यांच्या पलीकडे आपलं केरे. तळ्याला आपण घरातही कानडीतलं केरेच म्हणायचो.

गांडूळ लावून वाट बघत बसणं तुम्हाला पसंत नव्हतं. स्टीलच्या चमच्याचा दांडा कापून तुम्ही तो घासायचात, भोक पाडून मागे तीन टोकांचा गळ अडकवायचात. फेकून रिळानं ओढला की पाण्यात तो असा लचकायचा, की मरळीला जखमी मासोळीच वाटावी. त्या दिवशी पहिल्यांदा तुम्ही मला वेगळी काठी दिलीत, आणि सगळ्यात चांगला चमचा. तेरा वर्षांची होते मी. "अडकला तर दोरा कापायचा. पाण्यात उतरायचं नाही," एवढंच बजावलंत.

दहाच्या सुमाराला वारा फिरला, पाणी काळं पडलं. तुम्ही लगेच रीळ गुंडाळलं, आम्हाला आवरायला सांगितलं आणि स्कूटर बघायला बांधावर चढलात. मामा पिशवी भरत होते. मी एकदाच म्हणून पुन्हा फेकला, आणि चमचा कमळाच्या देठांत रुतला. तुम्ही आठवडाभर घासून केलेला तो. कापायला हात होईना. मला रडू आलेलं मामांनी पाहिलं. अण्णांना सांगू नकोस, स्वल्प थांब, असं म्हणत त्यांनी पँट दुमडली आणि ते गुडघाभर पाण्यात उतरले. लांब कुठेतरी गडगडत होतं. मी ते ऐकलं होतं, अण्णा. तरी त्यांना थांबवलं नाही, कारण मला तो चमचा हवा होता.

मग वीज पडते आणि सगळं पांढरं होतं. आवाज ऐकल्याचं आठवत नाही. मी चिखलात बसलेली आहे, मामा पालथे तरंगताहेत, आणि तुम्ही बांधावरून धावत येताय. तुम्ही त्यांना ओढून काढता, छाती दाबत राहता. गारा पडायला लागतात, तरी दाबत राहता.

इस्पितळात डॉक्टरांनी मान हलवल्यावर आपण दोघं बाकावर बसलो. तो पाण्यात कशाला गेला, तुम्ही विचारलंत. मी सगळं सांगितलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. ओल्या बुटांकडे बघत म्हणालात, "हे परत कुणाला सांगायचं नाही. माझा चमचा अडकला होता. मी पाठवलं त्याला."

मामी आल्या तेव्हा तुम्ही उभे राहून तेच सांगितलंत.

"आभाळ गडगडत असताना? एका चमच्यासाठी?" मामींनी विचारलं.

तुम्ही हो म्हणालात.

त्यानंतर त्या तुमच्याशी कधी बोलल्या नाहीत. तेराव्याला तुम्ही गेलात तर दार उघडलं नाही. कारखान्यातले लोक कामापुरतं बोलू लागले. डोळ्यांवर चष्मा चढवल्याशिवाय लेथला हात न लावणारे तुम्ही, आणि सगळीकडे नाव झालं ते बेफिकीर माणूस म्हणून. मला तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत. कॉलेजात असताना मी एकदा म्हणाले, की मामींना जाऊन सांगते. तुम्ही स्वयंपाकघरात अवरेकाळू सोलत बसला होतात. "तुला अजून खूप जगायचंय. माझं सरी आहे, ठीक चाललंय," म्हणालात आणि पुढची शेंग उचललीत. मला सुटल्यासारखं वाटलं. ते माझ्या तोंडावर तुम्हाला दिसलं असणार.

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. मामी आता जे. पी. नगरला मुलीकडे असतात. मागच्या महिन्यात त्यांनी निरोप पाठवून मला बोलावून घेतलं. खूप थकल्यात. मुलगी कॉफी करायला आत गेल्यावर त्यांनी माझा हात धरला. "तुझ्या अण्णांना मी त्यांच्या शेवटापर्यंत माफ केलं नाही. त्यांना बघायलासुद्धा आले नाही. आता वाटतं, मुद्दाम थोडंच पाठवलं असेल. मी माफ केलं त्यांना. पण हे सांगायला आता तूच उरलीस."

खोलीत आम्ही दोघीच होतो. त्यांनी हात सोडला नव्हता. मी म्हणाले, "सरी, मामी. अण्णांना बरं वाटलं असतं."

मग कॉफी आली. मी ती प्याले, उपमाही खाल्ला. घरी येताना ठरवलं, पुढच्या रविवारी जाऊन सगळं सांगायचं. त्याला तीन रविवार झाले. काल त्यांच्या मुलीचा फोन आला होता, मामी सारख्या विचारतात, कधी येतेस. मी म्हणाले, ऑफिसात फार काम आहे.

काम काही नव्हतं, अण्णा.