मागच्या दाराची गोष्ट

४ मार्च

अगं, मी अजून तोंडही उघडलं नाही आणि पेन कसलं चालतंय? तारीख होय! घाल, घाल.

समुपदेशनाच्या मॅडमनी सगळ्यांना वह्या वाटल्या. मनातलं लिहा म्हणे. मी म्हटलं, बाई, माझी नि अक्षरांची कधी ओळखच झाली नाही. तर म्हणाल्या, सूनबाई लिहील. म्हणून मी सांगतेय आणि ही लिहितेय.

शिवणकारखाना जळाला त्याला तीन महिने झाले. नऊ बायका गेल्या. दहावे रखवालदार मामा. ही तिथली सुपरवायझर – वाचली. तेव्हापासून घरात ‘हो’, ‘नाही’ आणि ‘जेवलात का’. बस्स. निदान हात तरी चालू राहील, म्हणून मी ही वही घेतली.

हेसुद्धा लिहिलंस? बरं, राहू दे.

११ मार्च

शाळेच्या हॉलमध्ये बसलो – आगीतून वाचलेल्या बायका नि घरची माणसं. मॅडम म्हणाल्या, काय वाटतं ते सांगा. सगळ्या आपल्या छताकडे बघतायत! शेवटी मीच म्हटलं, “मॅडम, या शिवणाऱ्या बायका. हात रिकामे असले तर तोंड उघडायच्या नाहीत.” कारखान्यात बटणं लावायची ती बटणवाली, तिने घरून चिंध्यांचं बोचकं आणलं. प्रत्येकीला एक सुई. मान खाली, टाका चालू. आणि ‘मी’ म्हणायचं नाही – ‘एक बाई होती’ म्हणायचं. ती थांबली की बाकीच्यांनी फक्त ‘मग?’ विचारायचं. उपदेश नको, हळहळ नको. तिला नाहीच जमलं, तर दुसरीने तिथूनच पुढे न्यायचं.

बटणवाली म्हणाली, “एक बाई होती. त्या दिवशी तिने धाकट्या बहिणीला आपल्या मशीनवर बसवलं आणि स्वतः चहाला गेली.”

“मग?”

मग ती रडली. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

१८ मार्च

आज गोष्ट मागच्या दारापाशी आली. दाराला कुलूप होतं. कुणी घातलं? कुणी पुढे नेईना. गोष्ट अडली की मला कुठलं राहवायला! म्हटलं, “रखवालदाराला डुलकी येत होती. कुलूप घातलं आणि जरा आडवा झाला.”

सगळ्यांचे खांदे एकदम सैल झाले. बटणवालीने माझा हात धरला. खोटं कशाला बोलू – मी थोडी मिरवलेच.

का थांबलीस? शाई संपली?

२३ मार्च

नळावर मामांच्या मुलीला कुणीतरी म्हणालं, “झोपाळूची पोर.” हे माझ्याच त्या तुकड्यामुळे.

२५ मार्च

आज मामी आल्या. मामांची बायको. दाराजवळ बसल्या, सुई घेतली नाही. एवढंच म्हणाल्या, “ते कामावर कधी झोपले नाहीत. आणि मागच्या दाराची किल्ली त्यांच्याकडे नव्हतीच.”

मी उभी राहिले. “तो तुकडा माझा. मनाने जोडलेला. उसवा.”

बटणवाली भडकली – “आजी, आत्ता कुठे मला झोप लागायला लागली होती!”

खरंच आहे तिचं. पण आपल्याला झोप यावी म्हणून दुसरीच्या नवऱ्याला किती दिवस झोपवून ठेवायचं?

मग किल्ली कुणाकडे होती? आज कुणीच ‘मग?’ म्हणालं नाही.

बघ, ‘किल्ली’पाशी अडलीस. मला वाचता येत नाही, पण अडलेलं पेन दिसतं. गेल्या बुधवारीही ते कुलपापाशीच अडलं होतं. आता हे लिही, सूनबाई – मी विचारणार नाही. पुढच्या बैठकीत फक्त तुझ्या शेजारी बसेन. लिहिलंस?

१ एप्रिल

आज सासूबाईंनी काही सांगितलं नाही. हे माझं मी लिहितेय.

मी सुई घेतली. “एक बाई होती,” म्हटलं. मग म्हटलं, नाही, मी होते. माल चोरून बाहेर जातो म्हणून मालकांनी दार बंद ठेवायला सांगितलं होतं. पण कुलूप मी घातलं. धूर झाला तेव्हा मी पुढच्या दाराने बाहेर पडले, किल्ली कमरेला तशीच बांधलेली. मामा ती मागत धावत आले. माझ्या हाताला गाठ सुटेना. ते तसेच आत गेले.

पुढे बोलवेना. सासूबाईंनी तोंड उघडलं, पण त्यांच्याआधी दाराजवळून मामींचा आवाज आला –

“मग?”