मागची खोली, पंखा आणि रंभाबाई

१४ जून १९७१
बालवाडी उघडली. मला पुन्हा पुढचीच खोली. बेचाळीस पोरं आणि मी एकटी! शोभाबाईंना मागची खोली, वर पंखा, आणि रंभाबाई. रंभाबाई आमची तेडागर — घरोघर जाऊन पोरं गोळा करून आणायची, एवढंच तिचं काम. पण ती दिवसभर शोभाबाईंशेजारी ठाण मांडून! माझ्याकडे पोर ओकलं तर मीच पुसायचं.

१७ जून
फाटकाशी मागून हाक मारली, "शोभाबाई!" वळून पाहिलंसुद्धा नाही. एवढा ताठा!

२ जुलै
घसा पुन्हा बसला. इथले गुजराती डॉक्टर म्हणतात, "बेन, बोलवानुं बंध करो." बेचाळीस पोरं काय खुणांनी सांभाळू? तिकडे पोर काही बोललं की रंभाबाई ते शोभाबाईंच्या तोंडासमोर पुन्हा बोलून दाखवते. राणीसाहेबांना वर्दी!
हो, जळते मी. इथे तरी खरं लिहावं.

९ जुलै
मोठ्या बाईंना अर्ज दिला — सहा वर्षं एकीलाच सवलत का? खोल्या बदला, रंभाबाई खोलीसोबत. "तिथे शेजारच्या कापडाच्या लूमचा आवाज फार आहे हो, मंगलाबाई," म्हणाल्या. म्हटलं, "पंखाही आहे!" अर्ज ट्रस्टींकडे गेला.

१९ जुलै
मंजूर!! शोभाबाईंना मीच सांगितलं. नुसत्या माझ्या ओठांकडे बघत राहिल्या.

२२ जुलै
भिंतीपलीकडे लूमचा कारखाना. भिंतीवरची पाटी थरथरते, डोकं भणभणतं. रंभाबाई तीन दिवस सारखी पुढच्या खोलीकडे बघत होती. आज फुटली — "त्यासले आयकू येत नही, बाई. ह्या लूमनी कान खाई टाकात त्यासना. नोकरी जाई म्हणून कोनले सांगं नही."
म्हणजे रंभाबाई शोभाबाईंचे कान होती. आणि मी ते मागून घेतले.
अर्ज परत घ्यायला हवा. उद्या जाईन.

२ ऑगस्ट
गेले नाही. रोज उद्या उद्या केलं. पंखा बरा वाटत होता.
आज ट्रस्टी आले. शोभाबाई पाठमोऱ्या, खेळणी लावत होत्या. ट्रस्टींनी मागून काही विचारलं — एकदा, दोनदा, मग ओरडून. त्या लावतच राहिल्या.
उद्यापासून येऊ नका, म्हणाले.

३ ऑगस्ट
मोठ्या बाईंनी आज सांगितलं — दोन वर्षांपूर्वी त्या स्वतःच खोल्या बदलणार होत्या. शोभाबाईंनीच नको म्हटलं. "मला सवय झालीय. मंगलाबाईंना त्या आवाजात घालू नका."