तुझ्या बोटांची नोंद

प्रिय उंदरा,

चव्वेचाळीस वर्षांच्या, चष्म्याचं दुकान असलेल्या माणसाला उंदीर म्हणू नये, एवढं मला कळतं. पण तू फोन उचलत नाहीस, आणि दारापर्यंत आले तर आंघोळीला गेल्याचं सांगायला लावतोस. ती आंघोळ दीड दीड तास चालते. तेव्हा पत्रात तरी मी मला हवी ती हाक मारणार. सोबतचं पुडकं उघडलंस का? नसशील तर आधी ते उघड आणि मगच पुढे वाच.

ओळखलास ना? आपला हातात धरून खेळायचा विटांचा व्हिडिओ गेम. आईच्या कपाटात लोकरीच्या पिशवीखाली सापडला. पाठीवर मी कंपासच्या टोकाने कोरलेलं ‘उंदराने हात लावू नये’ अजून तसंच आहे, आणि त्याला तू काढून दिलेली शेपटीही. आई गजर लावून आपल्याला वीस-वीस मिनिटं वाटून द्यायची. माझा नंबर लागला की तुला हमखास तहान लागायची, आणि पाणी आणायला मीच उठायचे. परत येईपर्यंत खेळ तुझ्या हातात.

चालू केला तर पडद्यावर उभ्या रेघा आणि डावं बटण मेलेलं. रेघा सोल्डरिंगचा डाग दिल्यावर गेल्या, बटणाखालचं रबर बदललं. तिथेच थांबले असते. पण तुझी बायको म्हणाली की लेकीच्या मोबाइलवर तू असाच खेळ दोन मिनिटं खेळलास, मोबाइल उलटा ठेवलास आणि म्हणालास, “एक घर सरकवायला जावं तर तीन घरं जातं.” डॉक्टरांनी हाताच्या कंपाचं नाव सांगितलं तेव्हाही तू इतका खचला नव्हतास. गोळ्यांनी थरथर निम्म्यावर आली, काम करायला हरकत नाही, असं तेच डॉक्टर म्हणतात. तरी चार महिने दुकान बंद आहे आणि किल्ली खिळ्यावर लटकते आहे. बायकोने मोबाइलचं सांगितलं त्या दिवसापासून तुझ्या हाताला जमेल असा खेळ करायचा किडा माझ्या डोक्यात शिरला.

तुला माहीत आहे, मी दिवसभर हॉस्पिटलातले सलाइनचे पंप दुरुस्त करते. त्यांच्या बटणांची एक खोड असते. आपण एकदा दाबलं तरी आतली धातूची पत्री जराशी उडते आणि यंत्राला वाटतं, चारदा दाबलं. म्हणून आत मायक्रोकंट्रोलर असतो, नखाएवढा संगणकच म्हण. तो पहिलं दाबणं मोजतो आणि मागोमागची सोडून देतो. पत्रीचं उडणं सोडून देता येतं, तर बोटाचं का नाही?

त्यासाठी खेळाच्या बटणांकडून आत जाणाऱ्या तांब्याच्या रेघा कापायच्या होत्या, आणि एकदा कापल्या की जुना खेळ जुना राहत नाही. ब्लेड हातात घेऊन मी तीन रविवार नुसती बसले. तुझे भावजी म्हणाले, “ऑपरेशन आहे की दाढी, एकदा ठरव.” चौथ्या रविवारी कापल्या. चार जाड बॅटऱ्या काढून एक चपटी, चार्ज होणारी बॅटरी घातली, आणि उरलेल्या जागेत तसल्याच मायक्रोकंट्रोलरची चिप बसवली. आता बटण आधी चिपला सांगतं आणि चिप खेळाला.

पहिल्यांदा मी तिला फारच कडक केलं. एकदा दाबलं की अर्धा सेकंद दुसरं काही ऐकायचंच नाही. थरथर गेली आणि खेळही गेला. मी भराभर दाबलेलंही ती गिळायची आणि वीट भलतीकडेच आदळायची. मग वेळ कमी केला, हात मुद्दाम थरथरवून बघितला, आणि झकास चाललं! दोन दिवस मी हवेत होते. तिसऱ्या दिवशी भावजींनी माझं ते खोटं थरथरणं पाहिलं. हसतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, “त्याचा हात असा हलत नाही.”

खरंच हलत नाही. ते मला ठाऊक असायला हवं होतं, कारण त्या दिवशी दुकानात तुझ्या सगळ्यांत जवळ मीच उभी होते. शाळेतल्या त्या बाईंच्या चष्म्याच्या दांडीचा स्क्रू तुझ्या हातून दोनदा पडला. तिसऱ्यांदा तू तो उचललास, आणि मी तुझ्या हातातून स्क्रूड्रायव्हर काढून घेतला. “दे इकडे, आता हे तुझं काम नाही,” असं म्हणाले. अर्ध्या मिनिटात स्क्रू बसवला. बाईंनी माझे आभार मानले. तू हसलास आणि काउंटर पुसायला लागलास. दुसऱ्या दिवसापासून शटर उघडलं नाही. आजारामुळे दुकान बंद पडलं, असं मी सगळ्यांना सांगत आले. ते खोटं आहे. माझ्यामुळे बंद पडलं. फार वाईट वागले मी, उंदरा. मला माफ कर.

आता कामाचं बोलते, कारण मी भेट पाठवलेली नाही, मदत मागते आहे. चिपमधले रोखायचे सगळे नियम मी काढून टाकले आहेत. आता ती काही अडवत नाही, फक्त नोंद ठेवते: कुठलं बटण, किती वेळ दाबलं, किती वेळाने पुन्हा. रोज वीस मिनिटं, आठ दिवस खेळ आणि खुशाल हर. हात घट्ट आवळून शहाणपणाने खेळलास तर माझी मेहनत पाण्यात जाईल. मला तुझी थरथर हवी आहे, जशीच्या तशी. ती कळली तरच चिपला नेमकं शिकवता येईल. पुडक्याच्या तळाशी तुझा स्क्रूड्रायव्हर आहे, त्या दिवशी माझ्याच पर्समध्ये राहिला होता. नवव्या दिवशी सकाळी दहाला मी येईन, घरी नाही, दुकानात. नोंद काढायला मागचं झाकण उघडावं लागतं, आणि त्याला चष्म्याच्या मापाचे सहा बारीक स्क्रू मी मुद्दाम बसवले आहेत. ते तू काढायचेस. मी काउंटरच्या बाहेर, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसेन. दुपार झाली तरी चालेल. स्क्रू खाली पडला तर तूच उचल. मी उठणार नाही.

तुझीच,
आपला नंबर लागेपर्यंत थांबणारी
ताई