बाबा, मी वाइन विकते

बाबा, मी वाइन विकते. लाल, इटालियन. तुम्ही असतात तर एवढं ऐकूनच चहाचा कप तसाच ठेवून उठला असतात. आता उठू शकत नाही, तेव्हा पुढचंही ऐका.

रविवारी सकाळी आपल्या बाहेरच्या खोलीत तुम्ही लोकांची दारू सोडवायचात. बायका नवऱ्यांना दंडाला धरून आणायच्या, आई आतून चहा पाठवायची. मामाही त्याच सतरंजीवर बसून शपथ घ्यायचा आणि दोन दिवसांत मोडायचा. एकदा त्याच्या पिशवीतली बाटली तुम्ही मोरीत ओतलीत. मी दारात उभी आहे, नाकाला ओढणी लावून, आणि तुम्ही वळून म्हणता, "हा वास लक्षात ठेव." ठेवला. त्याच वर्षी मामा गेला.

इथे परदेशात आयटीत आले, रायस्वाइकच्या डच ऑफिसात रमले नाही. इथे राहण्याचं कायमचं परमिट हातात पडल्यावर नोकरी सोडली आणि डेल्फ्टमध्ये दुकान काढलं. माल आणते तो उत्तर इटलीतल्या एका मळ्यातून. सकाळी खाली दरीत धुकं असतं आणि वर द्राक्षांच्या रांगा उन्हात. वाइन रंगाला फिकट, जिभेवर आमसुलासारखी आंबट-तुरट. मोठ्या लाकडी पिंपांत काही वर्षं मुरलेली. मळा एक म्हातारी चालवते. पहिल्याच भेटीत तिने विचारलं, "तुझे वडील काय करायचे?" तिची सून ते इंग्रजीत सांगत होती.

"लोकांची दारू सोडवायचे," मी म्हटलं. मला वाटलं, सौदा बुडाला. म्हातारी म्हणाली, "माझा थोरला भाऊ पिण्यानेच गेला. आमच्याकडे ताटाशिवाय ग्लास मिळत नाही." आणि तिने आधी जेवायला वाढलं.

तुम्ही म्हणाल, सगळे सुरुवातीला असंच बोलतात. म्हणा. माझ्या दुकानात एक माणूस सकाळी दार उघडताच येतो, हात थरथरत असतात. मी त्याला विकत नाही. "दुसरीकडे मिळेल," म्हणतो. "तिकडे जा," म्हणते. हे मी तुमच्यासाठी करत नाही. माझं दुकान आहे, मी ठरवते.

परवा झूटरमेरला मराठी मंडळाच्या जेवणात आपल्या कॉलनीतले एक गृहस्थ भेटले, मुलाकडे आलेले. चार लोकांत मोठ्याने म्हणाले, "वडिलांनी जन्मभर दारू सोडवली आणि तू हे विकतेस? ते असते तर काय म्हणाले असते?"

"असते तर माझ्याशी भांडले असते, काका. तोंडावर. तुमच्याकडे निरोप नसता दिला."

त्यांनी श्रीखंडाकडे लक्ष वळवलं. मी घरी सायकल हाणत आले आणि वाटभर तुमच्याशीच भांडले. माफी मागितली नाही, आताही मागत नाही. मामाला जे प्यायला मिळालं ते आणि मी विकते ते एकच, असं तुम्ही म्हणालात तर मी मान्य करणार नाही. अगदीच वेगळं आहे, असंही छातीठोक सांगणार नाही. पण धंदा माझा आहे आणि मला तो आवडतो.

हे पत्र पुण्याच्या पत्त्यावर टाकलं तर आईच उघडेल, म्हणून टाकत नाही. मामा तिचा भाऊ होता. तिला मी ऑलिव्ह तेलाचं दुकान म्हणून सांगितलंय. कालच फोनवर म्हणाली, शेजारच्या काकूंना गुडघ्याला चोळायला एक बाटली हवी आहे, येताना आण.