ओडेल ओळ देतो

९ ऑक्टोबर, गुरुवार

पोचलो एकदाचे नॅशव्हिलला! पाच तास गाडीत, मी आणि ओडेल. मंगळवारी इथल्या हॉस्पिटलात त्याची स्वरपेटी काढणार. डॉक्टर म्हणाले, काढली तर माणूस राहील, आवाज राहणार नाही. लेकीने, रनीटाने, आधीचे चार दिवस हॉटेल घेऊन दिलंय. बाबांना गाण्यांचं शहर दाखव म्हणे. काय डोकं तरी! पण तिला बोलणार काय, फोनवर रडत होती लेकरू.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

संग्रहालय. काचेमागे गायकांचे चकचकीत कोट, गिटारी, बूट. ओडेल म्हणाला, "कपडे ठेवलेत, माणसं कुठंयत?" मग ब्रॉडवे म्हणतात त्या इथल्या गजबजलेल्या रस्त्यावर गेलो. दारादारातून वेगळा बँड, डोकं उठलं. तिखट कोंबडी मागवली, त्याला एक घास गिळवेना. मीही टाकली.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज मोठं सभागृह पाहिलं. रंगमंचावर जुन्या फळ्यांचा गोल बसवलाय, नावाजलेले सगळे त्यावर उभे राहून गायले. येणारा जो तो त्यावर चढतो, एखादी ओळ म्हणतो, फोटो काढून घेतो. मी म्हटलं, जा की. तो कडेकडेने गेला. म्हणाला, मी गाणारा नाही, ओळ देणारा.

खरंय ते. आमच्या डोंगरातल्या चर्चमध्ये वाद्य नाही की काही नाही. एकाने उभं राहून भरभर ओळ द्यायची, मग सगळ्यांनी ती उचलून संथ, आळवून गायची. रनीटा पाळण्यात होती तेव्हापासून ओडेल देतोय.

बाहेर बाकावर बसल्यावर मनातलं बोलला. मरणाची भीती नाही म्हणाला. "पण मुक्याला पुढे कोण उभं करतं, व्हर्लीन? माझी जागा एल्झीला देतील. द्यायलाच पाहिजे." एल्झी म्हणजे त्याचा चुलतभाऊ. फाटका आवाज मेल्याचा! त्याचा हात धरून बसले.

१२ ऑक्टोबर, रविवार

भांडून नेलं आज! एका दुकानात लाकडी खोली आहे, कपाटाएवढी. आत उभं राहून गायलं की लगेच तबकडी करून देतात. हौशी लोकांची रांग. ओडेल नको नको म्हणत होता. मी भर रस्त्यात रडले — मला तुझा आवाज घरात हवाय! मग गेला आत.

टोपी काढली. ओळ दिली. आणि थांबला.

मी काचेतून बघत होते. डोळे मिटून उभा, लोक ओळ उचलतील म्हणून. लोकांना गायला लागतो तेवढा वेळ जाऊ दिला, मग पुढची ओळ. पुन्हा थांबला. त्या खोक्यात कोण उचलणार? मी होते ना बाहेर! दार उघडून आत जावं, आपण म्हणावं, हे सुचलंच नाही मला. सुचलं तोवर आतला रेकॉर्डिंगचा दिवा विझला होता.

दुकानातली पोरगी भली. म्हणाली, आजोबा, मध्ये फारच रिकामं राहिलंय, पुन्हा सलग म्हणा, जास्तीचे पैसे नकोत. ओडेल म्हणाला, "रिकामं नाही ते. तिथं लोक म्हणतात." तिला काही कळलं नसावं. तबकडी पिशवीत घालून दिली.

१३ ऑक्टोबर, सोमवार

कुठं गेलो नाही. ओडेल दिवसभर बोलत होता — घराच्या पत्र्याबद्दल, कुत्र्याबद्दल, त्याच्या आईबद्दल, पुन्हा पत्र्याबद्दल. मी मध्ये तोंड घातलं नाही. जन्मात पहिल्यांदा!

१४ ऑक्टोबर, मंगळवार

नेलं आत. शेवटचं काय बोलला? "चष्मा तुझ्याकडे ठेव." एवढंच. मूर्ख माणूस. दुसरं काही सुचलं नाही त्याला!

३० नोव्हेंबर, रविवार

ऑपरेशननंतर आज पहिल्यांदा चर्चला गेलो. ओळ द्यायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी एल्झीकडे पाहिलं. एल्झी उठेना. मान खाली घालून बसून राहिला. मग ओडेल उठला, गळ्याला रुमाल बांधलेला. मी त्याची बाही ओढली, त्याने सोडवून घेतली. पुढे गेला. त्याचं नेहमीचं पद, सगळ्यांना पाठ. ओठ हलले. आवाज नाही.

आणि सगळ्यांनी ओळ उचलली. एल्झीने सगळ्यांत आधी. मला मात्र रडू आवरेना, एक शब्द म्हणता आला नाही.