आधी उतरवा, मग बंद करा

सोमवार, ३
लागली एकदाची नोकरी! वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी सिम्युलेटर बनवणारी कंपनी आहे. विमान जागचं हलत नाही, पण आत बसणाऱ्याला घाम फुटतो. मी तपासनीस: रोज खोटं उड्डाण करायचं आणि चुका टिपायच्या. इथले सगळ्यांत जुने तंत्रज्ञ जन्मात विमानात बसलेले नाहीत, म्हणून त्यांना सगळे ‘कमांडर’ म्हणतात. त्यांनी एकच नियम बजावला: विमान हवेत असताना मशीन बंद करायचं नाही, आधी उतरवायचं. का, ते सांगेनात. नव्या माणसाची फिरकी घेताहेत, दुसरं काय!

गुरुवार, ६
आज मुलांना ऑफिस दाखवायचा दिवस. छकुलीला शेजारच्या खुर्चीत बसवलं. नऊ हजार फुटांवर गेलो आणि तिला भूक लागली. सरळ बटण बंद केलं आणि तिला कॅन्टीनमध्ये नेलं. कमांडरना हसत हसत सांगितलं, तर त्यांचा चेहरा पडला. छकुलीपण आत होती का, एवढंच विचारलं.

शनिवार, ८
छकुलीचे कान दुखताहेत. डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत. माझ्याही कानांत दडे बसलेत. ऑफिसात मी आलो की बोलणं थांबतं. माझ्या आधीच्या तपासनिसाचा कोट अजून खुंटीवर आहे. तो कुठे गेला विचारलं की जो तो कामात. काहीतरी शिजतंय.

सोमवार, १०
छकुली खिडकीत बसून म्हणाली, घरं केवढुशी दिसतात. आम्ही तळमजल्यावर राहतो. तिला कुणी पढवलंय का? मग पेल्यातलं पाणी पाहिलं. एका बाजूला कललेलं. बायकोला दाखवलं, तिला सरळ दिसलं.

मंगळवार, ११
कमांडरचे पाय धरले, आम्हाला उतरवा म्हटलं. त्यांनी दहादा मशीन सुरू केलं. दर वेळी विमान धावपट्टीवरच. शेवटी म्हणाले, “तुमचं उड्डाण यात नाहीये हो. ते वरच राहिलंय.”
आधीच्याचं विचारलं, तर रडायलाच लागले.

बुधवार, १२
छकुली म्हणते, घरं मोठी होताहेत. पलंग पुढे झुकलाय. छकुलीला पट्ट्याने पलंगाला बांधलं— बायको म्हणते, वेड लागलंय मला. ती सरळ उभी. आम्ही दोघंच तिरके—
डॉक्टरांना आणायला गेली ती.

दुपार
आपली गच्ची दिसली म्हणते. चूक माझी होती, हिला कशाला— घट्ट धरलंय.
आई दिसतेय म्हणते, गल्लीत, अगदी खाली. मी ओरडतोय, बाजूला हो, तिला ऐकू—